मुलगी पाचवीत जातेय: कन्याशाळा की मुलामुलींची शाळा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी चौथीत आहे, जूनमध्ये पाचवीला जाईल. तुम्ही तालुक्याच्या गावी राहता. घरापासून दहा मिनिटांच्या चालण्यावर मुलामुलींची एकत्र शाळा आहे आणि एसटीने अर्ध्या तासावर जुनी, नावाजलेली कन्याशाळा. सासूबाई म्हणतात, कन्याशाळेत घाला, म्हणजे पुढची काळजी मिटली. मुलीचे बाबा म्हणतात, कॉलेजात आणि नोकरीत पुरुष असणारच, तर आत्तापासून सवय होऊ दे. मुलगी घरात बडबडी आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही असं तिच्या बाई सांगतात. मध्येच शाळा बदलता येईल का, हेही तुम्ही विचारलंत. आणि शेवटी एक ओळ: मोठा मुलगा मुलांच्या शाळेत सातवीत आहे, त्याचं ठीक चाललंय.

मी माध्यमिकला विज्ञान शिकवलं. नोकरीचा पहिला मोठा भाग कन्याशाळेत गेला, नंतर संस्थेने सहशिक्षणाच्या शाळेत बदली केली आणि तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दोन्हीकडचे वर्ग आतून पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या घरातला वाद वर्गात मुलगे असावेत की नसावेत यावर चाललाय. मला तुमच्या पत्रात त्याहून महत्त्वाचा प्रश्न दिसतो: वर्गात गप्प बसणारी ही मुलगी पुढची सहा वर्षं कुठे बोलेल, कुठे पुढे होऊन एखादं काम स्वतःच्या हातात घेईल? शाळा ठरवताना हा प्रश्न समोर ठेवलात, तर बऱ्याच गोष्टी सुटतील.

आधी त्या गप्प बसण्याबद्दल. नऊ-दहा वर्षांची मुलगी वर्गातल्या मुलग्यांमुळे गप्प राहते, असं मला फारसं आढळलेलं नाही. या वयात कारणं बहुतेक वेगळी निघतात. फळ्यावरचं नीट दिसत नसतं. एका कानाने कमी ऐकू येत असतं. घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यांत अंतर असतं आणि कधीतरी तिच्या एखाद्या शब्दावर वर्ग हसलेला असतो. किंवा उत्तर चुकलं की सगळ्यांसमोर बोलणी बसतात, हे तिने पाहिलेलं असतं. यातलं एकही कारण कन्याशाळेत गेल्याने नाहीसं होत नाही. तेव्हा सुट्टी लागण्याआधी तिचे डोळे आणि कान तपासून घ्या. बाईंना विचारा, सगळ्याच विषयांना गप्प असते की गणिताला? मैत्रिणींशी मधल्या सुट्टीत बोलते का? हे कळल्याशिवाय शाळेचा प्रकार बदलणं म्हणजे तपासणीआधीच औषध सुरू करणं आहे.

मुलग्यांमुळे मुली गप्प होतात तो काळ वेगळा. साधारण सहावी-सातवीपासून, शरीर बदलू लागतं तेव्हा हे सुरू होतं आणि नववीत सगळ्यात ठळक दिसतं. मला ते पहिल्यांदा दिसलं ते प्रयोगशाळेत. नववीला धाराविद्युत हा धडा आहे. ओहमच्या नियमाच्या प्रयोगाला टेबलावर सेल, अमीटर, व्होल्टमीटर, रिओस्टॅट, प्लग कळ आणि वायरींचे तुकडे मांडलेले असतात. एका टेबलाला पाच-सहाजण. बाई "सुरू करा" म्हणाल्या की एखाददुसरा मुलगा वायरी उचलतो, टोकं घासतो, जोडायला लागतो. त्याच क्षणी एक मुलगी वही उघडून निरीक्षण तक्ता आखायला घेते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. तिचं अक्षर चांगलं असतं, पट्टी-पेन्सिल तिच्या कंपासपेटीत असते आणि हे काम आपलं आहे असं तिला वाटतं. बाकीच्या मुली काटा कुठे गेला ते सांगतात. तोंडी परीक्षेत हीच मुलगी नियम घडाघडा म्हणते, आकृती बिनचूक काढते, पण "आता जोडून दाखव" म्हटलं की व्होल्टमीटर हातात घेऊन थांबते, कारण वर्षभर तिने त्याला हात लावलेला नसतो.

कन्याशाळेत हाच प्रयोग मी पुष्कळदा घेतला होता. तिथेही वही उघडणाऱ्या मुली होत्याच. पण वायरी जोडायला दुसरं कोणीच नव्हतं, म्हणून त्या जोडल्या जायच्या. अमीटरची टोकं उलटी लागली की काटा शून्याच्या मागे जाऊन आपटायचा, मुली ओरडायच्या, कोणीतरी टोकं बदलायची आणि काटा पुढे सरकला की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते पाहायला मला फार आवडायचं. हीच गोष्ट स्नेहसंमेलनात. माईकची वायर ओढणं, पडदा बांधायला बाकावर चढणं, बाकं हॉलमध्ये नेणं, हिशेब ठेवणं, ध्वजवंदनाला आज्ञा देणं, खो-खोच्या पंचाशी भांडणं, सगळं मुलीच करायच्या. कन्याशाळेची खरी ताकद हीच आहे. तिथे काम वाटून द्यायला 'मुलींची कामं' आणि 'मुलग्यांची कामं' असे दोन ढीग करताच येत नाहीत.

सहशिक्षणाच्या शाळेत ते ढीग रोज, नकळत होतात. "दोन-तीन मुलगे या रे, बाकं उचला." "मुलींनो, उद्या रांगोळीचं साहित्य आणा, पाहुण्यांच्या ओवाळणीला चौघी थांबा." बोलणारे शिक्षक मनाने वाईट नसतात, कित्येकदा त्या शिक्षिकाच असतात. पण पाच वर्षं रोज हे ऐकलं की मुलीला आपलं काम कोणतं हे पाठ होतं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. आम्ही प्रयोगशाळेच्या दारावर तक्ता लावला: प्रत्येक गटात जोडणी कोणी करायची, वाचन कोणी घ्यायचं, लिहायचं कोणी, हे प्रत्येक प्रयोगाला बदलायचं. पहिले काही प्रयोग कुरकुर झाली. मुलग्यांची वही आखताना होणारी अडचण तर बघण्यासारखी होती. दिवाळीनंतर कोणालाच काही वेगळं वाटेनासं झालं. हजेरीपटाचंही तसंच. कित्येक शाळांत अजून आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली अशी नावं लिहितात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, वाचन, सगळं हजेरी क्रमांकाने चालतं. तास संपत येतो तेव्हा मुलींची पाळी येते, आणि बाई घाईघाईने दोन प्रश्न विचारून मोकळ्या होतात. वर्णानुक्रमे एकच यादी केली की एका दिवसात हा प्रकार थांबतो. म्हणजे कन्याशाळेत जे आपोआप मिळतं, ते एकत्र शाळेत जाणीवपूर्वक घडवावं लागतं. घडवता येतं, पण शाळेच्या ते मनात असावं लागतं.

कन्याशाळेतही ते दरवेळी मिळतंच असं नाही, आणि नावाजलेल्या शाळेबद्दल हे विशेष करून सांगते. काही कन्याशाळांत स्टेज लावायला शिपाईमामा, माईकला बाहेरचा माणूस, प्रयोग बाई स्वतःच्या टेबलावर करून दाखवणार आणि मुली लांबून बघणार. शिस्त म्हणजे हळू बोलणं, रांगेत चालणं, प्रश्न न विचारणं. मैदान आहे, पण त्यावर वर्षातून एकदा क्रीडासप्ताह. अशा शाळेत सहा वर्षं काढलेली मुलगी सुरक्षित राहते, मार्कही चांगले आणते, पण वर्गात न बोलणारी मुलगी तिथे आणखी न बोलणारी होऊ शकते, कारण तिच्या गप्प बसण्याचं तिथे कौतुक होतं.

तशीच नावापुरती सहशिक्षणाची शाळाही असते. एकाच वर्गात मुलग्यांच्या दोन रांगा, मुलींच्या दोन रांगा, मधून बाईंची ये-जा. पाच वर्षांत एकमेकांशी एक वाक्य नाही. मुलगा-मुलगी बोलताना दिसले की दोघांच्या घरी निरोप. आणि दंगा करणाऱ्या मुलग्याला शिक्षा काय, तर मुलींच्या बाकावर बसवायचं! ही शिक्षा महाराष्ट्रातल्या किती वर्गांत चालत आली आहे हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल. त्या एका शिक्षेतून वर्गातल्या प्रत्येक मुलग्याला कळतं की मुलींमध्ये बसणं ही अपमानाची गोष्ट आहे, आणि प्रत्येक मुलीलाही तेच कळतं. मुलीच्या बाबांना जी सवय हवी आहे ती अशा वर्गात लागत नाही. तिथे फक्त अंतर ठेवायची सवय लागते.

आता निकालाबद्दल, कारण सासूबाईंनी कन्याशाळेचा दहावीचा निकाल दाखवला असं तुम्ही लिहिलंय. राज्य मंडळाच्या २०२५ च्या दहावीच्या परीक्षेत मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण झाल्या आणि मुलगे ९२.३१ टक्के. मुली पुढे असण्याचं हे दरवर्षीचंच चित्र आहे, आणि यातल्या बहुसंख्य मुली एकत्र शाळांमधल्याच. याचा अर्थ असा की ज्या शाळेत फक्त मुली आहेत तिचा एकूण निकाल, शिकवणं अगदी सरासरी असलं तरी, एकत्र शाळेपेक्षा वरच दिसणार. शाळेचा निकाल शाळेच्या निकालाशी ताडून बघू नका. जवळच्या शाळेतल्या मुलींचा निकाल वेगळा मागा आणि तो कन्याशाळेच्या निकालाशेजारी ठेवा. आणखी एक बघा: पाचवीला प्रवेश देताना कन्याशाळा कोणत्या मुली घेते? लांबून मुलीला एसटीने पाठवणारं घर शिक्षणाची काळजी करणारं असतं. त्या घराचं श्रेय शाळेच्या खात्यावर जमा होत असतं.

हीच गोष्ट मोठ्या अभ्यासांतही निघाली आहे. २०१४ मध्ये तीन अमेरिकन संशोधकांनी २१ देशांतल्या १८४ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र तपासली. वरवर पाहता फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलग्यांच्या शाळांतली मुलं एकत्र शाळांपेक्षा थोडी पुढे दिसत होती. पण घरची परिस्थिती, आधीचे गुण वगैरे लक्षात घेणारे चांगले अभ्यास तेवढे वेगळे काढून पाहिले, तेव्हा तो फरक जवळजवळ उरला नाही. याच्या उलट दिशेला जाणारं एक उदाहरणही आहे आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. दक्षिण कोरियात सोलमध्ये १९७० च्या दशकापासून मुलांना हायस्कूलं आपापल्या भागात चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली जात होती, पालकांच्या निवडीला वाव नव्हता. तिथे फक्त मुलींच्या आणि फक्त मुलग्यांच्या शाळांतल्या विद्यार्थ्यांचे कॉलेजच्या प्रवेश परीक्षेतले गुण काहीसे जास्त निघाले. तेव्हा फरक कधीच पडत नाही असं मी म्हणणार नाही. पडतो तिथेही तो इतका मोठा नाही की चांगल्या शिक्षकांची जागा घेईल. गणिताला चांगले शिक्षक नसलेली कन्याशाळा आणि चांगले शिक्षक असलेली एकत्र शाळा यांत मी दुसरीच निवडीन, आणि उलटं असेल तर उलटं.

सुरक्षिततेची काळजी मी हलकी मानत नाही. ती खरी आहे. फक्त ती योग्य ठिकाणी ठेवायला हवी. मुलींनी माझ्याकडे आणलेल्या तक्रारींत वर्गातल्या मुलग्यांच्या तक्रारी होत्या, चिठ्ठ्या, टोमणे, नावं ठेवणं, बाकावर काहीबाही लिहिणं. पण जास्त त्रास वाटेवरचा असायचा: स्टँडवर उभे असलेले मोठे मुलगे, गाडीतली गर्दी, पाठलाग करणारी मोटारसायकल. हा त्रास कन्याशाळेच्या मुलींना चुकत नाही. उलट शाळा सुटायची वेळ आणि गेटचं ठिकाण सगळ्या गावाला माहीत असतं. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही, पण रोजचा एक तास प्रवास आणि संध्याकाळची गाडी चुकली तर काय, याचा विचार करा. गाडीसाठी पळणारी मुलगी शाळा सुटल्यावरच्या कबड्डीला, विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीला, वाचनालयात थांबू शकत नाही. आणि मी वर म्हटलं ते हातात काम घेणं बहुतेक शाळा सुटल्यानंतरच घडतं.

दुसरं, शाळेत मुलीला धोका असतो तो मुलग्यांकडूनच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं जे प्रकरण उघडकीला आलं त्यात आरोपी हा शाळेत काम करणारा प्रौढ माणूस होता. म्हणून दोन्ही शाळांत एकच प्रश्न विचारा: मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिच्यात कोण कोण आहेत, आणि मुलीने तक्रार केली तर पुढे काय होतं? ही समिती प्रत्येक शाळेत असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. फलकावर नावं असतातच. तुम्ही एखाद्या आठवी-नववीच्या मुलीला विचारा की यातल्या कोणत्या बाईंशी तू जाऊन बोलशील? तिने पटकन नाव घेतलं तर शाळा चांगली. आणि छेडछाड झाल्यावर शाळा मुलग्याला बोलावते की मुलीच्या घरी "तिला जरा जपा" असं सांगते, हेही विचारा. दुसरं उत्तर मिळालं तर त्या शाळेचा प्रकार कोणताही असो, माझी मुलगी मी तिथे घातली नसती.

स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा. शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची केली आहेत, ती बहुतेक ठिकाणी बांधलेलीही असतात. कडी आतून लागते का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, आणि तिथे जाताना मुलग्यांच्या घोळक्यातून जावं लागतं का, हे बघायचं. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी एकत्र शाळेत खूप पाहिल्या. अलीकडे पट टिकवायला म्हणून मुलग्यांच्या काही जुन्या शाळांनी मुलींना प्रवेश सुरू केलाय. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यामुळे त्यांची अडचण समजते. पण तुमच्या जवळची शाळा अशी नुकती बदललेली असेल, तर मुलींसाठी काय काय केलंय हे आवर्जून विचारा. नुसती प्रवेशाची पाटी बदलून भागत नाही.

कन्याशाळा मुळात का निघाल्या हेही लक्षात घ्यायला हवं, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचा एक धागा आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, १८८४ मध्ये रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्या पुढाकाराने हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा वेगळी शाळा हाच मुलींना शिक्षण मिळण्याचा मार्ग होता. हुजूरपागेवर 'केसरी'तून टीका झाली ती मुलींना मुलग्यांसारखा अभ्यासक्रम आणि दिवसभराची शाळा कशाला, अशी. आणि त्याच काळात आगरकर सांगत होते की मुलामुलींना शिक्षण एकच द्या आणि एकत्र द्या. मला यातला 'एकच' हा भाग जास्त मोलाचा वाटतो. इमारत वेगळी चालेल, अभ्यास वेगळा नको. १९६२ साली हंसा मेहता समितीनेही मुलामुलींच्या अभ्यासक्रमात फरक नको असंच सांगितलं. म्हणून कन्याशाळेत हे जरूर विचारा: नववी-दहावीला तांत्रिक विषय आहेत का? संगणकाच्या खोलीत मुली आठवड्यातून किती तास बसतात? पुढे अकरावी विज्ञान त्याच संस्थेत आहे का, की फक्त कला आणि वाणिज्य? तालुक्याच्या गावांत पुष्कळ ठिकाणी कन्याशाळेच्या पुढे विज्ञान नसतं, मुलगी तिथेच राहावी असं घरच्यांना वाटतं आणि गणितात चांगली असलेली मुलगी कला शाखेला जाते. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जिवाला लागलंय.

जिथे परिस्थितीच वेगळी आहे तिथे माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. गावात सातवीपर्यंतच शाळा, पुढची शाळा लांब, आणि घरचे म्हणतात कन्याशाळा असेल तरच पाठवू, नाहीतर घरी बसवू. तिथे कन्याशाळाच, आणि वसतिगृह असेल तर आणखी बरं. ज्या मुलीला एकत्र वर्गात आधीच वाईट अनुभव आला आहे, तिलाही काही वर्षं मोकळा श्वास घेता यावा म्हणून कन्याशाळा योग्य. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही.

आणि "सवय"? मुलीच्या बाबांना सांगा, त्यांची काळजी चुकीची नाही, पण थोडी जास्त आहे. कन्याशाळेतून अकरावीला एकत्र वर्गात आलेल्या मुली पहिले काही महिने बुजतात, मागच्या बाकावर बसतात, हे खरं. त्यातल्या ज्यांनी शाळेत स्वतः कामं केलेली असतात त्या दिवाळीपर्यंत पुढे आलेल्या असतात. शिवाय आठवीपासून क्लास लागतात आणि ते एकत्रच असतात. मुलग्यांशिवायचं जग आता कोणाच्याच वाट्याला येत नाही.

खरी सवय लागायला हवी ती मुलग्यांना. म्हणून तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे मला जायचंय. सहशिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा मुलग्यांना होतो असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे. गटात काम करताना मुलगी आपल्यापेक्षा लवकर गणित सोडवते, ती चिडते, विनोद करते, कधी चुकते, हे रोज बघणारा मुलगा तिच्याकडे माणूस म्हणून बघायला शिकतो. फक्त मुलग्यांच्या शाळेतल्या सातवीतल्या मुलाला मुली भेटतात त्या बहुतेक फोनच्या पडद्यावर आणि मोठ्या मुलांच्या गप्पांत. तिथून तो काय शिकेल याची काळजी सासूबाईंनी, तुम्ही, कोणीच व्यक्त केलेली नाही. मुलग्यांच्या शाळांचं चांगलंही सांगते: तिथे गाणं, चित्रकला, सजावट मुलगेच करतात, आणि एरवी लाजणारा मुलगा तिथे मोकळेपणी गातो, हे कन्याशाळेतल्या वायरी जोडण्यासारखंच आहे. पण माझा मुलगा असता तर मी त्याला आठवीला एकत्र शाळेत आणलं असतं. आपल्याकडे साताऱ्याच्या सैनिक शाळेचं उदाहरण आहे. १९६१ पासून मुलग्यांची असलेली ही शाळा. देशभरातल्या सैनिक शाळांबरोबर तिथेही २०२१ पासून मुली घेतल्या जाऊ लागल्या. त्याने मुलींना दार उघडलं, आणि मला वाटतं तिथल्या मुलग्यांचंही शिक्षण पुरं होऊ लागलं.

आता तुमच्यापुरतं. मुलगी गप्प का, ते आधी शोधा. दोन्ही शाळांत सकाळी एकदा आणि शाळा सुटताना एकदा जा. सकाळी प्रार्थनेला आज्ञा कोण देतं ते बघा, हजेरीपट कसा लिहिलाय ते विचारा, प्रयोगशाळेच्या कपाटांवर धूळ आहे का ते बघा. शाळा सुटताना मैदानावर कोण राहतं ते बघा. मुलगी बरोबर असू द्या आणि तिला नंतर विचारा, तुला काय दिसलं? या वयाची मुलं फार अचूक सांगतात.

एवढं पाहून दोन्ही शाळा साधारण सारख्याच वाटल्या, तर माझा कल घराजवळच्या एकत्र शाळेकडे आहे. रोजचा तास वाचतो, संध्याकाळ मोकळी राहते, मैत्रिणी हाकेच्या अंतरावर असतात आणि तुम्हाला शाळेत वरचेवर जाता येतं. पालक-शिक्षक संघात नाव द्या, प्रयोगशाळेचा तक्ता आणि हजेरीपट या दोन गोष्टी पहिल्याच सभेत मांडा. ती शाळा जर मुलग्यांना मुलींच्या बाकाची शिक्षा करणारी, तक्रारीवर "जरा जपा" म्हणणारी निघाली आणि कन्याशाळेत मुली खरंच सगळं हाताने करताना दिसल्या, तर अर्धा तास एसटीचा प्रवास नक्की सोसण्यासारखा आहे.

मध्येच शाळा बदलण्याबद्दल: बदलता येते. पाचवी आणि आठवी ही त्यासाठी सोयीची वर्षं, कारण तेव्हा बऱ्याच शाळांत नवीन मुलं येतात, तुकड्या नव्याने पडतात आणि नवी मुलगी एकटी पडत नाही. सातवीच्या शेवटी पुन्हा एकदा तिच्याशी बसून बोला, वर्गात हात वर करते का, प्रयोगाला काय केलं, कोणाची भीती वाटते का. उत्तरं समाधानाची नसतील तर एप्रिलमध्येच दाखल्याचा अर्ज द्या. नववीनंतर मात्र शक्यतो हलवू नका. दहावीचा पाया नववीत घातला जातो, अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिकं ओळखीच्या शिक्षकांकडे असलेली बरी, आणि मैत्रिणींचा गट मोडला की त्या वयात मुली फार खचतात. मुलाच्या बाबतीतही हेच: त्याला एकत्र शाळेत आणायचं असेल तर येत्या जूनमध्ये, आठवीलाच आणा.